सर्वो ड्राइव्ह घ्यायचाय? आधी मशीन मोजा, कॅटलॉग नंतर उघडा

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे. चटई कापायची मशीनं, दाळ पॅकिंगची मशीनं, कुणाच्या जुन्या मशीनला नवीन पॅनल, असली कामं आम्ही करतो. पहिला सर्वो (मोटर आणि तिला मोजून नेमक्या जागी थांबवणारा ड्राइव्ह, अशी जोडी) घेतला तेव्हा मला नीट सांगणारं कुणीच नव्हतं. डीलरला फोन केला तर त्याने एकच विचारलं, "आत्ता किती एचपीची मोटर आहे?" मी म्हटलं अर्धा. "मग भाऊ ४०० वॅट टाकून द्या, चालून जाईल." टाकला, आणि पुढचे दोन महिने मशीन कधी किंचाळायचं, कधी ओव्हरलोडवर ट्रिप व्हायचं, कधी चटई चार एमएम कमी कापायचं, आणि ज्याचं मशीन होतं तो माणूस रोज सकाळी शेडच्या दारात उभा.

आता धुळे, शिरपूर, भुसावळकडची नवीन पोरं फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की दादा कोणता ड्राइव्ह चांगला. डेल्टा, पॅनासोनिक, यास्कावा, मित्सुबिशी हे सगळे मी चालताना पाहिलेत आणि यातला कुठलाही चुकीच्या जागी बसवला तर त्रासच देतो. म्हणून ब्रँडचा विषय या लेखात शेवटाकडे येईल, त्याच्या आधीचंच काम जास्त आहे.

१. सर्वो खरंच लागतो का ते ठरवा

तुमच्या कामात पाच एमएम इकडेतिकडे चालत असेल आणि स्पीडची घाई नसेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा साधा ड्राइव्ह), साधी मोटर आणि एक एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा) यात काम होतं, पैसे वाचतात आणि दुरुस्तीही गावात होते. सर्वो लागतो तो तीन ठिकाणी: मिनिटाला पुष्कळ वेळा थांबायचं आणि सुटायचं असेल, प्रत्येक वेळी त्याच जागी थांबायचं असेल, किंवा दोन अ‍ॅक्सिस एकमेकांच्या तालात चालवायचे असतील (एका मोटरची एक हालचाल म्हणजे एक अ‍ॅक्सिस). दाळीच्या पाऊचवर छापलेला आय मार्क (सेन्सरला दिसणारी खूण) पकडून फिल्म ओढायची असेल तर सर्वोच घ्या, तिथे कंजूषी करू नका.

२. मशीनजवळ बसून हे आकडे लिहून काढा

वही घ्या आणि मशीनजवळ बसा. काय सरकवायचंय, किती वजन, किती एमएम, किती सेकंदात, मध्ये थांबा किती सेकंदांचा, रोलर असेल तर व्यास, बॉलस्क्रू (फिरवला की नट सरकवणारा स्क्रू) असेल तर पिच, म्हणजे एका फेऱ्यात किती एमएम सरकतं ते, गिअरबॉक्सचा रेशो, हालचाल आडवी का उभी. ओढायला किती जोर लागतो ते अंदाजे लिहू नका, स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून हाताने ओढा आणि काटा किती किलो दाखवतो ते वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण दहातले नऊ जण करत नाहीत.

३. टॉर्क काढा, पण इनर्शिया काढल्याशिवाय थांबू नका

टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, इनर्शिया म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा वेग बदलायला होणारा विरोध. माझं जे मशीन बिघडलं होतं त्याचाच हिशोब देतो, म्हणजे कळेल.

चटई १८३० एमएम पुढे ओढायची, म्हणजे सहा फूट. वेळ दीड सेकंद. रोलर १२० एमएमचा, म्हणजे एका फेऱ्यात ३७७ एमएम. मध्ये १०:१ चा गिअरबॉक्स. सुरुवातीला ०.४ सेकंद वेग वाढवायला आणि शेवटी ०.४ सेकंद कमी करायला धरले तर चटईचा सर्वात जास्त वेग सेकंदाला १६६० एमएमच्या आसपास येतो, रोलर मिनिटाला २६५ फेरे आणि मोटर २६५० आरपीएम. मोटर ३००० ची, म्हणजे इथपर्यंत ठीक.

काट्यावर ओढ आठ किलो आली, तिचा मोटरवर गिअरबॉक्सचा लॉस धरून ०.६ न्यूटन-मीटर टॉर्क. रोलर पळवायला लागणारा टॉर्क एक न्यूटन-मीटरच्या थोडा वर. दोन्ही मिळून साधारण १.६५, तेही फक्त पहिल्या ०.४ सेकंदात. नंतर एक सेकंद कटर चालतो तेव्हा मोटर उभीच, त्यामुळे पूर्ण सायकलची सरासरी (साधी नाही, आरएमएस, म्हणजे आकड्यांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ) पाऊण न्यूटन-मीटरच येते. मोटरचा रेटेड टॉर्क काढायचा फॉर्म्युला सोपा आहे: ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम. ४०० वॅट ३००० आरपीएमला १.२७ न्यूटन-मीटर मिळतात, आणि थोड्या वेळापुरता बहुतेक सर्वो याच्या तिप्पट जोर देतात. म्हणजे टॉर्कने पाहिलं तर ४०० वॅट आरामात पुरतो आणि डीलरही खोटं बोलला नव्हता.

मग मशीन किंचाळायचं का? रोलर. सव्वा मीटरच्या वर लांबीचे दोन लोखंडी पाईप, त्यांचा इनर्शिया मिळून १४०० किलो-सेंटीमीटर-स्क्वेअर. गिअरबॉक्समधून मोटरकडे येताना तो रेशोच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे शंभराने, राहिला १४. आणि ४०० वॅटच्या त्या मोटरच्या स्वतःच्या रोटरचा इनर्शिया ०.२८ च्या आसपास. म्हणजे लोड मोटरच्या पन्नास पट! एवढ्या फरकाला ड्राइव्ह लोडला धरून ठेवूच शकत नाही, तो पुढे ढकलतो, रोलर जास्त जातो, तो मागे ओढतो, रोलर जास्त मागे येतो, त्या हेलकाव्याचाच आवाज होतो आणि करंट चढून ओव्हरलोड येतो.

सांभाळायचा आकडा असा की लोडचा इनर्शिया मोटरच्या दहापटीच्या आत ठेवा, आणि मशीन फार चपळ हवं असेल तर पाचपटीच्या आत. साधी ७५० वॅटची मोटर घेतली असती तरी रोटर १.१ च्या आसपास म्हणून बारा-तेरा पट राहिलं असतं. आम्ही शेवटी ७५० वॅटचीच पण हाय इनर्शियाची मोटर घेतली आणि लोखंडी रोलरच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे टाकले. मशीन गप्प झालं. कॅटलॉगमध्ये लो, मिडियम, हाय इनर्शिया असे प्रकार असतात, नवीन माणूस तो कॉलम सोडून फक्त वॅट वाचतो.

मोठा लोड वेगात थांबवताना मोटर जनरेटरसारखी वीज उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते हेही इथेच धरा. ड्राइव्हच्या आतला रेझिस्टर पुरला नाही तर ओव्हरव्होल्टेज अलार्म येतो, तेव्हा बाहेरून रिजनरेटिव्ह रेझिस्टर (ती वीज उष्णतेत घालवणारा) लावावा लागतो. काही छोट्या ड्राइव्हमध्ये आतला रेझिस्टर नसतोच, घेताना विचारा.

४. एन्कोडरच्या बिट्सवर भाळू नका

१७ बिट म्हणजे एका फेऱ्यात १,३१,०७२ भाग, २३ बिट म्हणजे ८३ लाखांच्या वर. वाचायला भारी वाटतं. पण दहा पिचच्या बॉलस्क्रूवर १७ बिट सुद्धा एमएमच्या दहा हजाराव्या भागापेक्षा बारीक मोजतं, आणि तुमचा स्क्रू सी-७ ग्रेडचा असेल तर ३०० एमएमला ०.०५ एमएमची चूक त्याच्यातच आहे. गिअरबॉक्सला १० आर्कमिनिटचा (एक आर्कमिनिट म्हणजे डिग्रीचा साठावा भाग) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, असेल तर आमच्या त्या १२० च्या रोलरवर ०.१७ एमएम तिथेच गेले, आणि कपलिंगची चावी ढिली असेल तर विचारूच नका. पैसे उरत असतील तर आधी चांगलं कपलिंग आणि कमी बॅकलॅशचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स घ्या, बिट्स नंतर.

एक गोष्ट मात्र ठरवा, इन्क्रिमेंटल का अ‍ॅबसोल्यूट. इन्क्रिमेंटलला लाईट गेली की होमिंग करावं लागतं, म्हणजे सुरुवातीची जागा परत शोधावी लागते; अ‍ॅबसोल्यूट जागा लक्षात ठेवतो, मल्टीटर्न असेल तर किती फेरे झाले तेही. आपल्याकडे लाईट दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे, अर्धवट ओढलेल्या फिल्मवर दर वेळी होमिंग करणं परवडत नसेल तर मल्टीटर्न अ‍ॅबसोल्यूट घ्या. त्याला बहुतेक वेळा ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती बदलताना ड्राइव्हची सप्लाय चालू ठेवा, नाहीतर जागा विसरतो.

५. तुमच्या शेडची लाईट मोजा

आपल्याकडे थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट. बाजारात जे छोटे सर्वो सर्रास मिळतात ते २०० व्होल्ट क्लासचे, म्हणजे २०० ते २४० चे. त्यातल्या एक किलोवॅटच्या पुढच्या पुष्कळ ड्राइव्हवर आर, एस, टी असे तीन टर्मिनल असतात आणि वायरमनला वाटतं तीन टर्मिनल आहेत म्हणजे आपली थ्री फेज लावायची. आमच्या ओळखीच्या एका शेडमध्ये नेमकं हेच झालं. मेन टाकल्याबरोबर मोठ्ठा आवाज, पॅनलमध्ये काळा धूर, आणि नवाकोरा ड्राइव्ह एका सेकंदात गेला. वॉरंटीतही बसत नाही. तिथले म्हातारे मिस्त्री नंतर पोराला एवढंच म्हणाले, "पहिले मीटर लाव, मंग हात लाव."

तेव्हा घेण्याआधीच ठरवा: सिंगल फेज २३० वर चालणारा घेताय, ४१५ वरून २२० थ्री फेज करणारा ट्रान्सफॉर्मर लावताय, का सरळ ४०० व्होल्ट क्लासचा ड्राइव्ह घेताय. ट्रान्सफॉर्मर लावला तर एक फायदाही आहे, खाली सांगतोय तो न्यूट्रलचा त्रास होत नाही.

सिंगल फेजवाल्यांनी न्यूट्रलवर लक्ष ठेवा. डीपीकडे किंवा तुमच्या मेन स्विचमध्ये न्यूट्रल ढिली झाली की एका फेजवर २३० चे ३०० आणि त्याच्याही वर जातात. ड्राइव्हची सहनशक्ती बहुतेक वेळा २६० च्या थोडी वर संपते. एक आठवडा सकाळी, दुपारी आणि रात्री अकरानंतर मीटर लावून आकडे लिहा, शेजारचे कारखाने बंद झाल्यावर व्होल्टेज वर चढतं ते दिवसा दिसत नाही. २५० च्या वर जात असेल तर स्टॅबिलायझर किंवा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर धरूनच बजेट काढा. ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले तर प्रत्येकाने लावावा, ड्राइव्हच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

अर्थिंग स्वतंत्र आणि चांगलं हवं. उन्हाळ्यात अर्थपिटात पाणी टाकायची आठवण ठेवा, आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थचा रेझिस्टन्स चढतो.

६. उन्हाळा धरून ड्राइव्ह निवडा

हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. कॅटलॉगमध्ये ५५ डिग्रीपर्यंत चालतो असं लिहिलेलं असतं, पण ते तापमान शेडचं नाही, पॅनलच्या आत ड्राइव्हच्या शेजारचं. आणि बारीक अक्षरात बहुतेक ठिकाणी असतंच की अमुक डिग्रीच्या वर करंट कमी धरा किंवा जबरदस्तीने हवा खेळवा.

एका दाळ मिलमध्ये आमचं पॅकिंग मशीन मार्चपर्यंत झकास चाललं आणि एप्रिलच्या शेवटी रोज दुपारी दोन ते चार बंद पडायला लागलं. पॅनल उघडला तर फॅनच्या फिल्टरवर तुरीच्या भुश्शाचा जाड थर, हवा जायला जागाच नाही, आत थर्मामीटर ५९. फिल्टर साफ केला तर ५२ वर आलं. त्याच्या खाली फॅनने येणारच नव्हतं, कारण फॅन बाहेरचीच हवा आत घेतो आणि बाहेरच ४५. तिथे मग बंद पॅनल आणि पॅनलचा एसी लावावा लागला. धूळ आणि ऊन दोन्ही असेल तर हा खर्च सुरुवातीलाच धरा. ड्राइव्हच्या आतले कपॅसिटर दर दहा डिग्री वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात, म्हणजे आज ट्रिप झाला नाही तरी दोन-तीन वर्षांनी बिल येतंच. दोन ड्राइव्हमध्ये मॅन्युअलमध्ये लिहिली आहे तेवढी जागा सोडा, एकाला एक चिकटवू नका, आणि पॅनल पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका.

७. पीएलसीशी (मशीनला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरशी) जुळतंय का पाहा

एक-दोन अ‍ॅक्सिस असतील तर पल्स-डायरेक्शन (एका वायरीवर पल्स, जेवढे पल्स तेवढी हालचाल, दुसरीवर दिशा) पुरतं. चारच्या वर अ‍ॅक्सिस आणि ताल जुळवायचा असेल तर इथरकॅटवाला (ड्राइव्ह एकामागे एक नेटवर्क केबलने जोडायची वेगवान पद्धत) घ्या, वायरिंगही कमी होतं. मॉडबस (साधी, हळू डेटा लाइन) पॅरामीटर लिहायला वाचायला ठीक, वेगवान पोझिशनिंगला नको.

पल्समध्ये नवीन माणूस कुठे फसतो ते सांगतो. छोट्या पीएलसीचं आउटपुट १०० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक लाख पल्स. १७ बिटचा एन्कोडर आणि इलेक्ट्रॉनिक गिअर (एका पल्सला मोटर किती फिरवायची ती सेटिंग) १:१ ठेवला तर एका फेऱ्याला १,३१,०७२ पल्स लागतात, म्हणजे मोटर मिनिटाला ४६ फेऱ्यांच्या वर जाणारच नाही, आणि माणूस ड्राइव्ह खराब म्हणून परत पाठवायला निघतो. इलेक्ट्रॉनिक गिअरने एका फेऱ्याला २००० पल्स केले की तीच मोटर ३००० ला जाते. आमच्या रोलरवर तेव्हाही एका पल्सला ०.०२ एमएमपेक्षा कमी हालचाल येते, चटईला पुष्कळ झालं.

दुसरं, ड्राइव्हची पल्स इनपुट बहुतेक वेळा ५ व्होल्टची असते आणि पीएलसी २४ देतो. मध्ये २ किलोओहमचा रेझिस्टर किंवा ड्राइव्हवर दिलेली २४ व्होल्टची वेगळी पिन वापरा, नाहीतर इनपुट जळते. एनपीएन-पीएनपी (पीएलसीचं आउटपुट शून्याकडे ओढणारं का २४ व्होल्ट देणारं) सुद्धा आधीच विचारून घ्या.

८. ऑर्डर देताना पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या

"७५० वॅटचा सेट पाठवा" असं कधीच सांगू नका. मोटरच्या नंबरमधली शेवटची दोन-तीन अक्षरं सगळं ठरवतात: शाफ्टला चावी आहे का, ऑइल सील आहे का, ब्रेक आहे का, एन्कोडर कोणता. आम्हाला एकदा बिनचावीची मोटर आली आणि कपलिंग चावीचं होतं, आठ दिवस गेले.

उभा अ‍ॅक्सिस असेल तर ब्रेकवाली मोटरच घ्या. एका मशीनवर आम्ही बिनब्रेकची लावली होती, इमर्जन्सी दाबली आणि कटरची सगळी स्लाइड खाली आली. सुदैवाने खाली कुणाचा हात नव्हता. तेव्हापासून यात तडजोड नाही. हा ब्रेक उभा लोड धरून ठेवायला असतो, पळता लोड थांबवायला नाही. त्याला वेगळी २४ व्होल्ट सप्लाय द्या आणि ड्राइव्हच्या आउटपुटवरून रिलेमार्फत चालवा, थेट जोडाल तर आउटपुट जाईल.

ऑर्डरबरोबर हे मागा:

- मोटरचा स्पीड-टॉर्क ग्राफ आणि मापांचं ड्रॉइंग
- त्याच मॉडेलचं मॅन्युअल, दुसऱ्या सिरीजचं चालत नाही
- पॉवर आणि एन्कोडरच्या तयार केबल, केबल चेनमध्ये जाणार असेल तर फ्लेक्सिबलच
- कंट्रोल कनेक्टर, हा पुष्कळदा वेगळा विकतात आणि नेमका राहून जातो
- ड्राइव्हचं सॉफ्टवेअर आणि त्याची केबल
- सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, वॉरंटीला हेच लागतं

९. मग ब्रँड, आणि डीलरला विचारायचे प्रश्न

इथे माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा स्पेअर ड्राइव्ह दोन दिवसांत तुमच्या शेडमध्ये येतो तो ब्रँड चांगला. जळगावहून संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास, नाशिक अडीचशे, पुणे चारशे. रात्री बसने माणूस पाठवला तर सकाळी ड्राइव्ह हातात येतो का? हाच मॉडेल स्टॉकला किती असतात? पाच वर्षांनी ही सिरीज मिळेल का, नाही मिळाली तर नवीन ड्राइव्ह याच मोटरवर चालेल का? दुरुस्ती इथे होते का बाहेर पाठवता, आणि तोवर उसना ड्राइव्ह देता का? उत्तर गुळमुळीत आलं तर दहा टक्के डिस्काउंट सोडून दुसरा डीलर बघा. दाळीच्या सीझनमध्ये पॅकिंग एक दिवस बंद राहिलं तर ते दहा टक्के कुठल्या कुठे जातात.

जुन्या बाजारातला ड्राइव्ह शिकायला घ्या, गिऱ्हाइकाच्या मशीनवर लावू नका.

१०. आल्यावर पहिल्या दिवशी

कपलिंग हातोडीने ठोकून बसवू नका. मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर असतो, धक्का थेट त्यालाच बसतो. मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू वायरी जशा लिहिल्यात तशाच जोडा. साध्या मोटरसारख्या दोन वायरी उलटवून फिरायची दिशा बदलत नाही, अलार्म येतो किंवा मोटर बेफाम पळते, दिशा पॅरामीटरमधून बदला. एन्कोडरची केबल पॉवर केबलपासून लांब, वेगळ्या डक्टमधून न्या. मेन बंद केल्यावरही ड्राइव्हवरचा चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत टर्मिनलला हात लावू नका, आत डीसी भरलेला असतो.

आधी मोटर मोकळी ठेवून हळू जॉग करा (बटण दाबून थोडं थोडं फिरवा), मग मशीनला जोडून ऑटो ट्यूनिंग, त्यात ड्राइव्ह स्वतःच लोडप्रमाणे सेटिंग जुळवतो. किंचाळली तर रिजिडिटी (ड्राइव्ह मोटरला किती कडक धरतो ती सेटिंग) दोन पायऱ्या खाली आणा आणि कपलिंगचे स्क्रू परत तपासा. मग पूर्ण स्पीडवर दोन तास चालवा आणि सॉफ्टवेअरमध्ये लोडचा टक्का बघा, सरासरी ऐंशीच्या आत राहायला हवा, थंडीत बघत असाल तर त्याहून कमी. डायल गेज लावून एकाच जागी वीस वेळा जा-ये करा आणि प्रत्येक आकडा वहीत लिहा. काटा दर वेळी एकाच बाजूला सरकत गेला तर कपलिंग घसरतंय किंवा पल्स हरवताहेत, आणि इकडेतिकडे उडत असेल तर बॅकलॅश आहे.

सगळं जमलं की पॅरामीटरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, एक प्रत मालकाकडे द्या, आणि इलेक्ट्रॉनिक गिअर, इनर्शिया रेशो, ब्रेकची सेटिंग आणि बॅटरी टाकल्याची तारीख एवढं एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. वर पारदर्शक टेप लावा, उन्हाळ्यात घामाच्या हातांनी अक्षर पुसून जातं.